शिडी जमिनीला टेकवा!

दिवाळी अंकासाठी मास्तरने लिहायचे ते काय? एखादी कौटुंबिक कथा, फार तर कादंबरीतले एखादे प्रकरण. फराळ करता करता घरच्या मंडळींनी ते वाचावे आणि कुणाचे डोळे पाणावले तर चिवड्यातल्या मिरचीला दोष द्यावा. मीही आजवर हा रिवाज निमूटपणे पाळीत आलो आहे. यंदा मात्र मी भांडायला बसलो आहे. आणि तेही कापसाच्या भावावरून नव्हे, एस. टी.च्या फेऱ्यांवरूनही नव्हे, तर चक्क गोल्फवरून!

हे ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "मास्तर, आपल्या वर्धा जिल्ह्यात पाऊस वेळेवर येत नाही, बोंडअळी तेवढी वेळेवर येते, आणि तुम्हाला गोल्फ सुचतो?" काकांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड आहे. माझ्या वर्गातल्या एकाही पोराने गोल्फचे मैदान डोळ्यांनी पाहिलेले नाही. पण वाचकहो, जो प्रश्न मला मांडायचा आहे तो आमच्या शाळेच्या अंगणातही आहे. फक्त तिथे त्याच्यावर धूळ बसली आहे. गोल्फच्या हिरवळीवर तो लख्ख दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी खेळ समजून घ्या. तो अवघड नाही. हातातल्या काठीने एक लहानसा चेंडू टोलवीत टोलवीत जमिनीतल्या खळग्यात घालायचा. खळग्याचे तोंड सव्वाचार इंचांचे. असे अठरा खळगे. ज्याला सगळे मिळून सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. आमच्या विट्टी-दांडूचा हा दूरचा श्रीमंत मावसभाऊ म्हणा. फरक इतकाच, की विट्टी-दांडूला बाभळीची एक फांदी पुरते आणि ह्या मावसभावाला पिशवीत चौदापर्यंत काठ्या लागतात, शिवाय पायाखाली शे-सव्वाशे एकर जमीन लागते. आमच्याकडे पाच एकरांचा धनी स्वतःला शेतकरी म्हणवतो. तेवढ्या जागेत असे वीस-पंचवीस संसार बसतील.

आता ह्या खेळावर पोट भरणारेही लोक आहेत. त्यांना व्यावसायिक म्हणतात. तमाशाचा फड जसा एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत हिंडतो, तसे हे खेळाडू आज ह्या गावच्या मैदानावर, पुढच्या आठवड्यात त्या गावच्या, असे वर्षभर फिरत असतात. ह्या फिरण्यालाच 'टूर' म्हणतात. टूरही एक नाही, त्यांची उतरंड आहे. सर्वांत वर अमेरिकेची, तिच्याखाली युरोपची, मग आशियाची, मग आपापल्या देशांच्या. आणि त्यांच्याही खाली नवख्यांसाठी एकेक दुय्यम टूर. खालच्या टूरवर वर्षभर चांगले खेळा, म्हणजे वरच्या टूरचे दार उघडते. ह्या दाराच्या परवान्याला 'कार्ड' म्हणतात.

अमेरिकेत ही दुय्यम टूर १९९० साली निघाली. तिच्या नावाची मौज पाहा. सुरुवातीला ती बेन होगनच्या नावाची होती. मग बूट विकणाऱ्या कंपनीने पैसा दिला, तेव्हा तिने त्या कंपनीचे नाव लावले. मग विमेवाल्यांचे लावले. आणि २०१९पासून ती कॉर्न फेरी ह्या कंपनीच्या नावाने ओळखली जाते. ही कंपनी मोठमोठ्या हुद्द्यांसाठी माणसे शोधून देते. नोकरी लावून देणाऱ्याचे नाव उमेदवारांच्या टूरला मिळावे, ह्यापेक्षा समर्पक बारसे कुठले!

आपल्याकडे २००६ साली 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' स्थापन झाली. २०२४ साली कपिल देव तिचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी तिच्याखाली 'नेक्सजेन' नावाची नवख्यांची टूर सुरू झाली. म्हणजे कागदावर शिडी अशी उभी राहिली: नेक्सजेनवरून भारताची टूर, भारतात वर्षअखेर जो पहिला येईल त्याला युरोपच्या टूरचे कार्ड, ते २०२२ साली मनू गंडासला, २०२३ साली ओमप्रकाश चौहानला आणि २०२४ साली वीर अहलावतला मिळाले, आणि युरोपात वर्षभर उत्तम खेळणाऱ्या, आधी कार्ड नसलेल्या दहा जणांना अमेरिकेचे कार्ड. पहिल्या पायरीवर पाय ठेवणारा पोरगा शेवटच्या पायरीवर जगातल्या अव्वल खेळाडूंच्या पंक्तीला बसू शकतो. ही शिडी उभारणाऱ्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. माझे भांडण शिडीशी नाहीच. ती जिथे लावली आहे तिथे तिचे पाय जमिनीपासून दोन पुरुष उंच लटकत आहेत, हे माझे भांडण आहे.

ह्या बाबतीत दोन पक्षांशी मला बोलायचे आहे.

पहिला पक्ष आमच्या काकांचा. "हा साहेबांचा खेळ, श्रीमंतांचे चोचले, त्याच्या शिडीशी गरिबाला काय करायचे आहे?" सेवाग्रामच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला हा विचार सहज पटतो. पण थोडा इतिहास पाहा. इंडियन ओपन ही आपल्या देशातली मानाची स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक १९९१ साली निघाला. तो कोण? अली शेर, दिल्लीच्या मैदानावरचा एकेकाळचा कॅडी. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागून चालणारा गडी. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा. तिथे हिरवळ राखणाऱ्या माणसाच्या मुलाने, एस. एस. पी. चौरसियाने, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली आणि तो रिओच्या ऑलिंपिकला जाऊन आला. बंगलोरच्या मैदानावर पिशव्या वाहिलेल्या सी. मुनियप्पाने २००९ साली तीच स्पर्धा जिंकली. श्रीमंतांचा खेळ खरा. पण आमच्या देशात त्याची लाज ज्यांनी राखली, त्यांतले बरेचसे पिशव्या उचलणारे आणि गवत कापणारे होते!

ऑक्टोबर १९३७मध्ये आमच्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती आणि 'नयी तालीम'चा विचार तिथून देशभर गेला. हाताने काम करता करता विद्या शिकावी, हे त्याचे सार. पिशवी वाहता वाहता, दुसऱ्याचे हरवलेले चेंडू झुडपांतून शोधता शोधता ज्या पोराने टोल्याचा कोन आणि वाऱ्याचा रोख ओळखायला शिकले, त्याच्याइतका नयी तालीमचा सच्चा विद्यार्थी मला तरी दुसरा ठाऊक नाही. तेव्हा काका, गरिबाचे ह्या खेळाशी नाते नाही असे म्हणू नका. त्याचे नाते खांद्याचे आहे. ते हाताचे व्हावे एवढेच मागणे आहे.

दुसरा पक्ष अधिक गोड बोलणारा आणि म्हणून अधिक घातक. तो म्हणतो, "आता शिडी आहे. ज्याच्यात धमक असेल तो चढेल. सोने उकिरड्यावर पडले तरी सोनेच." हे वाक्य भाषणात टाळ्या घेते, पण हिशेबाच्या वहीत टिकत नाही. कसे ते सांगतो.

कुठल्याही धंद्यात उमेदवाराला थोडे का होईना, हातावर मिळते. गवंड्याच्या हाताखालच्या पोराला मजुरी मिळते. ह्या खेळात उमेदवाराने पैसे द्यायचे. स्पर्धेची प्रवेश फी त्याची, रेल्वेचे भाडे त्याचे, आठवडाभराची खोली आणि जेवण त्याचे, आणि पिशवी उचलणाऱ्याचे पैसेही त्याचेच. एका स्पर्धेत शंभर-सव्वाशे खेळाडू उतरतात. चार दिवस, रोज अठरा खळगे. पण दोन दिवस झाले की 'कट' लागतो: भारताच्या टूरवर साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. बाकीच्यांनी गाठोडे बांधायचे आणि घरी जायचे. त्यांच्या हाती काय पडते? काही नाही. अनेक स्पर्धांत बक्षिसाची एकूण रक्कम एक कोटी आणि विजेत्याला त्यांतले पंधरा लाख, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि तोंडात बोट घालतो. परतीच्या गाडीत बसलेल्या साठ-सत्तर जणांचा हिशेब वर्तमानपत्र छापीत नाही.

शिवाय ह्या खेळाचा स्वभावच लहरी. आज पहिला आलेला पुढच्या आठवड्यात कटदेखील ओलांडीत नाही. तेव्हा इथे एका परीक्षेवर निकाल लागत नसतो. वीस वेळा, तीस वेळा परीक्षेला बसावे तेव्हा कुठे खऱ्या गुणाची पारख होते. आता चौथीच्या पोरांना घालावे असे सोपे गणित घालतो. दोन मुलगे सारख्याच गुणाचे. एकाच्या बापाजवळ तीस स्पर्धांचा खर्च आहे, दुसऱ्याच्या बापाने बैल विकून तीन स्पर्धांचा जमवला आहे. शिडीवर कोण टिकेल? आणि दहा वर्षांनी जो टिकला त्याच्या गळ्यात हार घालून आपण म्हणणार, "पाहा, गुणाला मरण नाही!" गुणाला मरण नसेलही, पण गुणाच्या खिशाला असते. खालच्या टूरवर तर बक्षीस लहान आणि रेल्वेचे भाडे मात्र तेवढेच! म्हणजे जी पायरी सर्वांत गरीब पोरासाठी, तीच हिशेबात सर्वांत महाग.

इंदूरजवळच्या महूचा मुकेश कुमार पाहा. महू म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. तिथल्या छावणीच्या मैदानाने मुकेश कुमार दिला आणि ओमप्रकाश चौहानही दिला. मुकेशने देशात शंभराहून अधिक स्पर्धा जिंकल्या, पण आशियाई टूरवरचा पहिला विजय त्याला २०१६च्या डिसेंबरात मिळाला. तेव्हा त्याचे वय एकावन्न वर्षांचे होते. लोक ह्याला जिद्दीची गोष्ट म्हणतात. आहेच. पण मास्तर म्हणून मला दुसराच प्रश्न पडतो: हुशार मुलगा एकावन्नाव्या वर्षी वरच्या वर्गात जातो, तेव्हा चूक मुलाची असते की शाळेची?

शाळेवरून आठवले. टूरचे कार्ड मिळवण्यासाठी जी निवड परीक्षा असते, तिला हे लोक 'क्वालिफायिंग स्कूल' म्हणतात. स्कूल! तिथे मास्तर नाही, फळा नाही, शिकवणे तर नाहीच. फक्त परीक्षा आहे आणि फी आहे. अशी शाळा काढायला मीही उद्या तयार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी एका मोठ्या शहरातल्या क्लबात कॅडी आहे. त्याचे नाव सांगत नाही, क्लबाचेही नाही. सोमवारी सभासदांना सुट्टी असते, तेव्हा त्या क्लबात कॅडींना खेळू देतात. आठवड्यातला हा एक दिवस खेळून हा पोरगा कॅडींच्या स्पर्धेत पहिला आला. मी त्याला म्हटले, "अरे, त्या परीक्षेला बस." त्याने फी, प्रवास, राहणे-जेवण असा हिशेब मांडून दाखवला, तो त्याच्या तीन महिन्यांच्या कमाईइतका निघाला. वर तेवढे दिवस कामावर खाडा. मी आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, मले खेळता येते, पन हारता येत नाही. हाराले पैसा लागते."

माझ्या सगळ्या कादंबऱ्यांतून ह्या तोडीचे वाक्य मला लिहिता आलेले नाही. हरण्याची ऐपत हीच आज गोल्फच्या पहिल्या पायरीची किंमत आहे.

"मग उपाय काय? सरकारने सगळ्यांना पोसायचे का?" असे दुसरा पक्ष विचारील. पोसा असे कोण म्हणतो? उपाय आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांसमोर घडलेला आहे. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८च्या हंगामापासून रणजी करंडकात खेळू लागला आणि साठ वर्षे इतरांना सरावासाठी बरा असा संघ म्हणून ओळखला गेला. नागपुरात क्रिकेटची प्रबोधिनी निघाली, पोरांना लहानपणापासून राहायला जागा, खेळायला मैदान आणि शिकवायला गुरू मिळाला. आणि २०१७-१८, २०१८-१९, मग २०२४-२५ असा तीनदा करंडक नागपूरला आला. विदर्भाच्या मातीत त्या साली काय नवे खत पडले होते? पोरे तीच होती. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव पोलीस शिपायाच्या भरतीत नापास झाला आणि २०११ साली भारतासाठी कसोटी खेळला. क्रिकेटच्या पायरीला एक गुण आहे: रणजी सामना हरलात तरी मानधन मिळते. हरलेल्यालाही परत येण्याचे भाडे मिळते, म्हणून तो परत येतो आणि एक दिवस जिंकतो.

कुस्तीचे पाहा. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. ही गोष्ट आपण शाळेत ऊर भरून सांगतो, मीही सांगतो. पण तिचे तात्पर्य आपण उलटे काढतो. खर्डेकरांची थोरवी गाताना आपण विसरतो, की प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले ही देशाची नामुष्की होती. प्रत्येक खेळाडूला एक खर्डेकर कुठून आणायचा? महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट २०२४ साली, पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीने. बहात्तर वर्षे! आणि स्वप्नीलच्या पाठीशी काय होते? राज्याची क्रीडा प्रबोधिनी आणि मध्य रेल्वेतली तिकीट तपासनिसाची नोकरी. नेमबाजीही काही गरिबाचा खेळ नव्हे. पण पहिल्या पायरीखाली एक शाळा आणि एक पगार ठेवला, तेवढ्याने शिडी जमिनीला टेकली.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्या मास्तरी पद्धतीने क्रमांक न घालता सांगतो. नवख्यांच्या टूरवर कट चुकलेल्यालाही निदान प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्यावा. त्यासाठी विजेत्याच्या रकमेतून थोडे कापले तरी चालेल, जिंकणारा उपाशी मरत नाही. जो कॅडी म्हणून राबला आहे त्याला निवड परीक्षेची फी माफ असावी. त्याने ती खांद्याने आधीच भरलेली आहे. जी मैदाने लष्कराच्या किंवा सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर आहेत, आणि अशी पुष्कळ आहेत, त्यांनी रोज ठरावीक तास कॅडींना आणि आसपासच्या शाळांतल्या मुलामुलींना फाटक उघडावे. सोमवारची भिक्षा पुरे झाली. आणि रेल्वे, पोलीस, बँका जशा पैलवानाला आणि नेमबाजाला नोकरी देतात, तशी गोल्फच्या गुणी पोरालाही द्यावी.

मुली हा शब्द मी मुद्दाम लिहिला. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. पदक एका टोल्याने हुकले. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला. त्याचे नाव प्रतीक्षा यादीत होते. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली तेव्हा आयत्या वेळी जागा मिळाली, आणि तो तयार होता म्हणून गेला. संधी आली त्या दिवशी तयार असणे, ह्यालाच आपण नशीब म्हणतो. पण तयार राहायलाही रोजचा सराव लागतो, आणि सरावाला उघडे फाटक लागते.

शेवटी काका पुन्हा विचारतीलच: "मास्तर, इथे खेड्यातल्या शाळेला कबड्डीपुरते मैदान नाही, तुमचे हे गोल्फ घेऊन काय करू?" काका, माझे भांडण तिथेच पोचवायचे होते. नाशिकला एक मोठे मैदान आहे. त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. लोक त्याला अजून गोल्फ क्लब म्हणतात. साहेब गेला, आज तिथे पोरे क्रिकेट खेळतात आणि पहाटे म्हातारी माणसे फिरतात. मैदान कुणाचे, हे नावाने ठरत नाही. फाटकातून कोण आत जाते ह्यावर ठरते. गोल्फच्या शिडीची पहिली पायरी हवेत आहे, कबड्डीची आहे, आणि शिक्षणाचीही आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पायरीवर थांबलेला माणूस. माझ्याबरोबर बाकावर बसणारे, माझ्याहून हुशार असे काही तर सातवीच्याच पायरीवरून उतरले, कारण आर्वीला किंवा हिंगणघाटला खोली करून राहण्याची त्यांच्या घरची ऐपत नव्हती. त्यांनाही कुणीतरी म्हणालेच असेल, "धमक असेल तर शिकाल."

ह्या दिवाळीत कुणी तुमच्या घरी येऊन म्हणाले, की अमक्या खेळाची, अमक्या परीक्षेची नवी शिडी लागली आहे, तर त्याला फराळ द्या, पण उठून जाऊ देण्याआधी एक प्रश्न विचारा: "तिच्यावर चढताना जो पोरगा पहिल्यांदा पडेल, त्याला दुसऱ्यांदा चढायला पैसे कोण देणार?" उत्तर मिळाले तर लाडू आणखी एक वाढा. नाही मिळाले, तर त्याला सांगा, की वर्ध्याच्या एका मास्तराने निरोप दिला आहे: शिडी फार सुंदर आहे, ती आता जमिनीला टेकवा.